कोना फाटलेलं कार्ड

आमच्या गावात जगाची बातमी माझ्या तोंडून यायची. पूर्वी मी हे फुशारकीनं सांगायचो, आता तसं सांगत नाही. सत्तावन्न साली मी तिथल्या शाळेचा एकटा मास्तर होतो. शाळेच्याच एका कोपऱ्यात एक लाकडी पेटी, एक शिक्का आणि एक तराजू एवढ्या ऐवजावर चालणारं टपालघरही माझ्याच गळ्यात होतं. ब्रह्मपुरीहून आमचं गाव पाच कोस. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी लच्छू हरकारा डाकेची थैली खांद्यावर टाकून चालत यायचा. थैलीत चार-दोन कार्डं आणि नागपूरचं वर्तमानपत्र, तेही एक दिवस शिळं. गावात वाचता येणारे पाच-सहा जण होते. त्यातल्या तिघांना कंटाळा होता आणि बाकीच्यांना चष्मा नव्हता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला मी सगळं वाचायचो, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. त्याचा परिणाम असा झाला की उन्हाळ्यात विलायतवाल्यांनी समुद्रात कसला तरी मोठा बॉम्ब फोडून पाहिला, ती बातमी ऐकून दसरूनं रोवणा करायचा नाही असं ठरवलं. "सारी दुनियाच जळून राह्यली तं धान कोनासाठी लावू?" असं म्हणून तो खुशाल बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर जाऊन बसला. त्याच्या बायकोनं त्याला कसं उठवलं ते सांगण्यासारखं नाही. नंतर साथीच्या तापाची बातमी आली, तर आशाबाईनं आठ दिवस घराचं दार लावून घेतलं आणि विहिरीवर कुणाच्या बादलीला बादली लागू देईना. ताप कलकत्त्याला आणि दार आमच्या गावात बंद.

पण खरा विचार करायला लावला तो सुगंधाबाईनं. ती विधवा बाई, दोन एकर धानाची बांधी आणि बैलजोडी एकटीच्या हिमतीवर सांभाळणारी. तिचा एकुलता एक मुलगा वारलू चांद्याकडे एका कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. मोठ्या गळ्याचा पोरगा. दिवाळीनंतरच्या दंडारीच्या नाच-गाण्यात तो उभा राहिला की शेजारच्या गावची माणसं बैलगाड्या जुंपून यायची. तो गेल्यापासून सुगंधाबाई प्रत्येक वाचनाला येऊन बसायची. रेल्वे रुळावरून घसरली की तिला घाम फुटायचा, कुठं पूर आला की ती त्या रात्री जेवायची नाही. कुठल्या मुलखातला पूर, हे तिला कळायचं नाही, आणि कळून तिला फरक पडत नव्हता. जे वाईट घडलं ते तिच्या लेखी वारलूच्या अंगावरून गेलेलं असायचं. एकदा ती वाचन चालू असताना शाळेच्या ओसरीतच भोवळ येऊन पडली.

तेव्हा मी एक पद्धत काढली. शनिवारी एकदाच वाचायचं आणि तीनच बातम्या वाचायच्या. एक दुःखाची, कारण जगात दुःख आहे हे लपवणं बरं नाही. एक कामाची, म्हणजे पाऊस, बियाणं, सरकारी हुकूम असलं काही. आणि शेवटी एक हसायची, म्हणजे माणसं उठताना हलकी होऊन उठतात. मीठ-तिखट जेवढ्यास तेवढं पडलं की जेवण गोड लागतं, तसंच हे. पद्धत गावाला मानवली. दसरूनं रोवणा केला, आशाबाईनं दार उघडलं. ब्रह्मपुरीला गेलो की मी तिथल्या मास्तरांना हे सांगायचो आणि ते मान डोलवायचे. मला फार बरं वाटायचं.

सुगंधाबाईसाठी मी आणखी एक सोय केली होती. तिनं बातम्या सुरू असताना बांधीवर जावं, बैलांचं पाहावं आणि वाचन संपता संपता यावं. मग ती ओसरीच्या खांबाला धरून एकच प्रश्न विचारायची. "मास्तर, खानीचं काई?"

"नाई," मी म्हणायचो.

"मंग जातो मी," असं म्हणून ती घरी जाऊन चूल पेटवायची. शेवटची हसायची बातमी मात्र ती आवडीनं ऐकायची. दीड-दोन महिने हे असं चाललं. तिला तेवढीच बातमी हवी होती आणि ती मी तिला देत होतो.

त्या वर्षी पोळा रविवारी आला होता. शनिवारी दुपारी लच्छू थैली घेऊन आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. नाल्याला पाणी होतं, थैलीचा तळ ओला झाला होता. मी थैली उघडून आतला ऐवज काढला. वर्तमानपत्र होतं, पाटलाचं एक पाकीट होतं आणि एक कार्ड. कार्ड पालथं होतं. त्याचा एक कोना नव्हता.

लच्छूनंच आधी पाहिलं. "मास्तर, कोना फाटला हाय."

आमच्याकडे मरणाची खबर कार्डानं कळवायची तर कार्डाचा एक कोना फाडतात. वाचायच्या आधीच घरच्यांनी मन घट्ट करावं म्हणून. असलं कार्ड घरात नेत नाहीत. अंगणात, घरच्या माणसाच्या समोर एकदाच मोठ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळीला जायचं. घरच्याच्या आधी ते दुसऱ्यानं वाचायचं नाही, हा आमच्या गावचा नेमच होता. आणि सुतक लागतं ते ऐकल्या घटकेपासून. नाही ऐकलं तोवर सुतक नाही, घर सणाला मोकळं. म्हणून सणाच्या तोंडावर असं कार्ड आलं की जाणती माणसं ते दोन दिवस दडवतात आणि सण पार पडला की देतात. मेलेला माणूस कुठं पळून जात नाही, असं आमचे म्हातारे म्हणायचे.

मी दोन बोटांनी कार्ड उचललं आणि फक्त नाव पाहिलं. सुगंधाबाई. पुढं आमचं गाव आणि पोस्ट ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरीचा शिक्का शाईनं बरबटलेला होता. कुठून आलं ते कळायला मार्ग नव्हता.

"पोंभुर्ण्याची बहीन गेली असन," मी म्हणालो. सुगंधाबाईची मोठी बहीण पोंभुर्ण्याला दिली होती आणि उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. आज ना उद्या हे व्हायचंच होतं.

"वाचून तं पाहा एकडाव," लच्छू म्हणाला.

"घरच्याच्या आधी वाचत नसते, लच्छू. आन उद्या पोळा हाय. वर्साचा एक सन, तिचे बैल उपाशी ठेवू का? मंगळवारी देईन."

मी ते कार्ड शाळेच्या वळचणीत, छपराचं कवेलू आणि वाशाच्या फटीत खोचून ठेवलं. घरात न्यायचं नव्हतं ना. मग हात धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं.

तिसऱ्या पानावर खाली दोन ओळी होत्या. चांद्याकडील एका खाणीत छताचा भाग कोसळून काही कामगार जखमी, नावं समजली नाहीत. मी त्या दोनदा वाचल्या. खोटं कशाला सांगू, मनात एक पाल चुकचुकली. वळचणीकडे नजरही गेली. पण मी शिकलेला माणूस, मी हिशेबानं विचार केला. बातमी जखमींची आहे, मेलेला कुणी नाही. कार्ड तर मेल्याचं आहे. म्हणजे या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय खाणीत हजार माणसं काम करतात, वारलूचंच नाव कशाला असेल? या बाईला मंगळवारी बहिणीचं ऐकायचंच आहे, त्यात आज हे कशाला? आणि त्या शनिवारची दुःखाची बातमी तर मी आधीच निवडली होती. एका धरणाच्या कामावर मुकादम वाहून गेला होता.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. मी मुकादम वाचला, खताचं वाचलं, आणि शेवटी एका माणसाच्या कोंबड्यानं कोर्टात आरवून न्यायाधीशाला कसं उठवलं ते वाचलं. सुगंधाबाई तेवढ्यात आली. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून आली होती, हात पिवळे होते. ती नेमकी त्या वळचणीखालीच उभी राहिली. कोंबड्याची बातमी ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

"आवतन देऊन आली बैलायले," ती म्हणाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग खांबाला हात लावून तिनं विचारलं, "मास्तर, खानीचं काई?"

"नाई," मी म्हणालो.

पोळा चांगला झाला. सुगंधाबाईनं बैलांची शिंगं रंगवली होती, पाठीवर जुनं लुगडं झुलीसारखं शिवून घातलं होतं. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणायला वारलू नव्हता. बाकीच्यांनी म्हटल्या त्या म्हटल्या. "औंदा मजा नाई आली," ती मला म्हणाली, "माह्या पोराची झडती तं पार पाटलाच्या वाड्यातून आयकू ये. दिवाळीले येतो म्हनलाय." बैलांना जेवू घालून झाल्यावर तिनं माझ्या घरी पुरणपोळी पाठवली. ती मी खाल्ली. दुसरी मागितली असती तर तीही तिनं दिली असती.

सोमवारी सकाळी पोरं आरडाओरडा करत गावाची रोगराई वेशीबाहेर घालवायला निघाली. घेऊन जा गे मारबत, घेऊन जा. मीही दोन पावलं त्यांच्यासोबत गेलो. दुपारी जेवून निजलो. ती दुपार मला अजून आठवते, कारण आठवण्यासारखं त्यात काही घडलं नव्हतं.

मंगळवारी थैली येईपर्यंत मी थांबलो. कार्ड त्याच थैलीतून आलं असं दिसावं म्हणून. आशाबाईला आणि आणखी एका बाईला सांगून ठेवलं, पाण्याचा हंडा भरून ठेवायला लावला. मग वळचणीतून कार्ड काढलं, फुंकर मारली, आणि सुगंधाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. लच्छू माझ्या मागं होता.

फाटका कोना पाहून ती मटकन खाली बसली. "माही बाई गेली वं," म्हणून तिनं हंबरडा फोडला. आशाबाईनं तिला धरलं. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

"सुगंधाबाई यांस. तुमचा मुलगा वारलू याच्या कमरेवर व पायावर बुधवारी खाणीत दगड पडला. खाणीच्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे. आईला बोलवा, असं सारखं म्हणतो. कार्ड मिळताच निघून यावे. कोलूच्या सांगण्यावरून लिहिले."

पुढं ओळ नव्हती. मी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. सुगंधाबाईचं रडणं अर्ध्यात थांबलं होतं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे जित्ता हाय?"

"जित्ता हाय."

आणि ती बाई हसली. अंगणात बसल्या बसल्या, पदरानं नाक पुसत, ती खरोखर हसली. "मायबाई, मले वाटलं मेलाच कोनी. मोडलं असन हाडबीड. हाड जुळते. जित्ता हाय ना, बस." मग उठली, माझ्या हातातून कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बराच वेळ पाहत राहिली. "हे कवा आलं, मास्तर?"

"आजच्या थैलीत," मी म्हणालो.

लच्छू जमिनीकडे पाहत उभा होता.

दसरूनं बैलगाडी जुंपली. मीही सोबत निघालो, न निघून काय करणार होतो. सुगंधाबाईनं पोळ्याच्या करंज्या फडक्यात बांधून घेतल्या, वारलूला आवडायच्या म्हणून. रात्र ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर काढली आणि सकाळच्या छोट्या गाडीत बसलो. नागभीडला गाडी बदलली. सगळ्या वाटेवर ती बोलत होती. पोराला घरी आणीन, खाणीत परत पाठवणार नाही, बांधी दोघांच्या पोटापुरती आहे, लंगडा झाला तरी दंडारीत बसून गाईल. मी हो हो म्हणत होतो. मनात दिवस मोजत होतो आणि मोजणी जमत नाही असं स्वतःला सांगत होतो.

दवाखान्याच्या पायरीवर कोलू बसला होता. आमच्याच बाजूच्या जंगलातल्या गावचा, वारलूच्या सोबत खाणीत उतरणारा. आम्हाला पाहून तो उभा राहिला नाही. तिथंच बसून राहिला, आणि त्यावरून मला कळलं. सुगंधाबाईला कळायला थोडा वेळ लागला.

"सोमवारी दुपारी गेला," कोलू म्हणाला. "सांजपर्यंत ठेवला होता आमी. मंग नाई ठेवता आला."

"बोलत होता का?" तिनं विचारलं.

"बोले ना. सोमवारी सकाळीबी बोलला. रोज इचारे, आजच्या गाडीनं माय आली का म्हने. मी म्हनो, उद्या येईन. शनवारी कार्ड भेटलं असन, आयतवारी निघन, सोमवारी सकाळी येते पाहा, असा त्यानंच हिशोब केला होता. तो दाराकडं तोंड करूनच राहे." कोलू माझ्याकडे वळला. "मास्तर, कार्ड उशिरा भेटलं का?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. सुगंधाबाई फडक्याची गाठ सोडत होती. गाठ घट्ट बसली होती. ती सुटल्यावर तिनं सगळ्या करंज्या कोलूपुढं ठेवल्या आणि "खा," म्हणाली. कोलूनं एक उचलली. आईसमोर नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यानं ती रडत रडत खाल्ली.

परत आल्यावर चार दिवसांनी मी टपालाची थैली झाडायला घेतली. उलटी करून झटकली तर तळाशी शिवणीत अडकलेला एक कागदाचा तुकडा बाहेर पडला. त्रिकोणी, बोटभर. ओल्या थैलीत चिकटून तुटलेला. त्यावर छापील तिकिटाचं अर्धं चित्र होतं आणि चित्रावर गोल शिक्का, चांदा, बावीस ऑगस्ट.

तो पाहून मी शाळेच्या जमिनीवर बसलो. मरणाच्या कार्डाचा तिकिटाकडचा कोना कुणीच फाडत नाही. तिकीट गेलं तर कार्ड बैरंग होतं, घेणाऱ्याला दंड पडतो. अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा खालचा कोना फाडतो. गावात ही गोष्ट कुणाला कळायला हवी होती, तर ज्याच्या हातात रोज शिक्का असतो त्याला. मी कार्डाकडे पाहिलंच नव्हतं. फाटलेलं पाहिलं आणि पुढचं सगळं माझ्या शहाणपणानं पाहिलं. थैली एकदा झटकली असती, किंवा लच्छूचं ऐकून ते एकदा वाचलं असतं, तर पोरानं केलेला हिशोब बरोबर निघाला असता.

मी वाचन बंद केलं. वर्तमानपत्रं येत राहिली, मी ती घडी न उघडता कपाटात रचत राहिलो. लोकांनी चार वेळा विचारलं, डोळे दुखतात म्हणून सांगितलं. तो तुकडा मी खिशात ठेवायचो. धुणं टाकताना काढायचो, पुन्हा ठेवायचो. सुगंधाबाई रस्त्यात दिसली की मी शाळेत शिरायचो. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यामुळं जास्त भीती वाटायची. दिवाळी गेली. दंडार झाली, पण आवाज पाटलाच्या वाड्यापर्यंतही गेला नाही.

कार्तिकातल्या एका शनिवारी तीच शाळेत आली. लच्छू थैली ठेवून नुकताच गेला होता.

"मास्तर, वाचत काऊन नाई तुमी?"

"डोळे दुखते."

"दुखू द्या. लोकं म्हनून राह्यले, आभाळात कुत्रं सोडलं म्हने कोनी. लच्छू सांगे. खरं हाय का? वाचा. मी बसतो इथी." ती खांबाला टेकून खालीच बसली. आधी ती कधी बसत नसे. तिला पाहून आशाबाई आली, दसरू आला, आणखी पाच-दहा जण आले.

मी पेपर उघडला. बातमी पहिल्याच पानावर होती. रशियानं आकाशात एक गोळा सोडला होता आणि त्यात एक जिवंत कुत्री बसवली होती. ती पृथ्वीभोवती फिरते आहे, तिच्या काळजाचे ठोके खाली ऐकू येतात, असं सगळं लिहिलं होतं. लोक चकित होऊन ऐकत होते. मला वाटलं, बरी बातमी मिळाली. मग मी पुढच्या ओळीवर आलो आणि थांबलो.

"काऊन थांबले?" सुगंधाबाई म्हणाली.

"झालं. एवढंच हाय."

"नाई. तुमचे डोळे खाली गेले आन मंग वर आले. वाचा."

मी वाचलं. कुत्रीला परत खाली आणण्याची सोय नाही.

दसरू "बिच्चारी" म्हणाला. सुगंधाबाई वर आभाळाकडे पाहत होती, दिवस अजून मावळायचा होता. "म्हंजे तिले ठाऊक नाई," ती हळूच म्हणाली. "वाट पाहत असन ती, आता दार उघडन म्हनून."

माणसं एकेक करून उठली. ती उठली नाही. मी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग खिशात हात घालून तो तुकडा काढला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं तो तळहातावर घेतला. कनवटीतून एक चिंधी काढली, उलगडली. आत ते कार्ड होतं. तिनं ते फाडलं नव्हतं. मरणाचं कार्ड नव्हतंच ना ते. तुकडा तिनं कार्डाच्या कोन्याला लावला. बरोबर बसला.

"याच्यावर काय लिवलं हाय?"

"चांदा. आन तारीख."

"तारीख वाचा."

"बावीस ऑगस्ट. बेस्तरवार होता."

ती बोटांवर मोजायला लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिसऱ्या बोटावर तिचा अंगठा थांबला. मी म्हणालो, "सुगंधाबाई, कार्ड शनवारीच आलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी. मीच ठेवलं वळचनीत. मले वाटलं तुमची बहीन गेली. आन त्या दिवशी खानीचं पेपरात होतं. तुमी इचारलं तं मी नाई म्हनलं."

"कार्डाचं मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"लच्छूनं सांगतलं?"

"कोनी नाई सांगतलं. तुमी अंगनात आले तवा कार्डाले कोळ्याचं जाळं चिकटलं होतं, मांगच्या बाजूनं. थैलीत जाळं होते का, मास्तर? म्हनून तं इचारलं मी, कवा आलं. तुमी म्हनले, आज." तिनं कार्ड आणि तुकडा पुन्हा चिंधीत ठेवले, हळूहळू गुंडाळले. "पेपरातलं ठाऊक नोतं. ते आज कळलं."

मी विचारलं, "मंग तुमी बोलल्या काऊन नाई? दोन महिने झाले. शिव्या द्याच्या, दगड माराचा होता."

तिनं चिंधी कनवटीला खोचली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किंवा असला तरी माझ्यासाठी तिनं तो आवरून धरला होता.

"तुमी साऱ्या गावाचं पाहत होते ना, कोनाले कोनती बातमी झेपन," ती म्हणाली. "मी तुमचं पाहत होती. हे तुमाले झेपन का नाई, ते."

एवढं बोलून ती खांबाला धरून उठली. बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. ओसरीच्या पायरीवर थांबून तिनं मागं पाहिलं.

"शनवारी येईन मी. तीन-बीन नाई, सारं वाचजा. आन पहिले तारीख सांगत जा."

तेव्हापासून मी आधी तारीख वाचतो.